सहावं घर

निवडणूक जाहीर झाली
की केपे ठाण्याच्या व्हरांड्यात बाक कमी पडतात.
परवानेवाले येतात हत्यारं जमा करायला:
रानडुकरांच्या भीतीने घेतलेली एकनळी,
एखाद्या भाटकाराची कधीच न उडालेली दुनळी.
पावती मी फाडतो. पावतीच्या आधी
तोंड वाळूच्या बादलीकडे.
माणसाचं नव्हे, नळीचं.

एप्रिल. उताराला कुठेतरी भट्टी लागलेली,
वाऱ्याला हुर्राकाचा वास.
एर्मेलिंदा कुलासो बिस्किटांचा डबा छातीशी धरून आली.
डब्यात उशीचा अभ्रा, अभ्र्यात चामड्याचं म्यान,
म्यानात नवऱ्याचं बत्तीसचं रिव्हॉल्व्हर.
"नोटीस त्याच्या नावाने आली," ती म्हणाली,
"तो नाही, म्हणून मी."
आगुस्तीन वारून आठ महिने.
"रिकामं आहे. तोच सांगायचा."

रिकामं हा शब्द मी कानाने घेत नाही.
एकदाच घेतला होता, एकविसाव्या वर्षी.
जमादार शाबलो वेळीप यांच्या डाव्या हाताला
मधलं बोट नव्हतं, ते त्या दिवसापासून.
पुढे चतुर्थीला घरी बोलवायचे,
त्याच हाताने वाढायचे.

बोट चापाबाहेर, लांब, अंगावर सरळ.
अंगठ्याने कळ दाबली. चक्र हललं नाही.
"खोबरेल," ती अभिमानाने म्हणाली,
"दर नाताळाक घालतालो."
खोबरेल केसांना, बाय.
लोखंडात त्याचा गोंद होतो.

हळूहळू सुटलं. खिडकीसमोर धरलं.
एक, उजेड. दोन, उजेड.
तीन. चार. पाच.
सहाव्या घरात उजेड आला नाही.

दांडी दाबली, काडतूस तळहातावर आलं,
पितळेवर हिरवी बुरशी.
तिने कपाळापासून खांद्यांपर्यंत खूण केली.
मग बराच वेळ काही नाही.
मग म्हणाली, "एकच?
एकच कशाला ठेवलं असेल त्याने?"

डुकराला एक पुरत नाही.
चोराला पण नाही.
मी रजिस्टरात लिहिलं: नग एक, गंजलेला.

साफसफाई माझ्या कामात येत नाही.
ती गेल्यावर तरी घेऊन बसलो.
हिला मागून वाट नसते, ब्रश तोंडातूनच घालावा लागतो,
कडेला घासू न देता.
मग चांदणीखालची काजळी, दात घासायच्या जुन्या ब्रशाने.
मग चिंधी, पांढरी निघेपर्यंत.
मग तेल, बंदुकीचं, एक थेंब;
दुसरा घातलात तर तो धूळ बोलावतो.
म्यान वेगळं ठेवलं. इथल्या हवेत चामडं पाणी पितं
आणि रात्रभर लोखंडाला पाजतं.

आमची नवी पोरं मनगटाला झटका देऊन चक्र बंद करतात,
पडद्यावर बघून.
तेवढ्याने आतली दांडी वाकते,
घर नळीसमोर येतं पण नीट येत नाही.
दोन्ही हातांनी बंद करावं,
आत मूल झोपलेलं असताना दार लोटतात तसं.

निकाल लागला. हरलेले, जिंकलेले येऊन
आपापलं घेऊन गेले.
जूनमध्ये ती आली, वकिलाचे कागद घेऊन. सरकारजमा करायचं.
"एकदा बघू?" म्हणाली.
मी चक्र उघडून हातात दिलं.
तोंड बादलीकडे, बोट बाहेर;
मी शिकवलं नव्हतं, एप्रिलमध्ये बघितलं असणार.
बाहेर ढगाळ, खिडकीत जेमतेम उजेड.
मोजलं तिने, मोठ्याने:
एक, दोन, तीन, चार, पांच.
थांबली.
स.

"बंद तू कर," म्हणाली.

सही केली. पावती घेतली नाही.
डबा तेवढा मागितला, नाताळाच्या नेवऱ्यांना लागतो.
"तेलाचा वास आहे अजून," मी म्हटलं, "सोड्याने धू."
"म्हाका खबर आसा," ती म्हणाली
आणि छत्री उघडली.